मुलाचा खाडा कसा थांबवायचा: सोलापुरातल्या पालकांसाठी

सातवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, अक्षर वळणदार, पण महिन्याला सहा-सात खाडे ठरलेले. विचारलं की मान खाली घालून म्हणायची, "पोटात दुखत होतं बाई." दिवाळीच्या सुट्टीआधी हजेरीपटाच्या बेरजा करताना तिच्या ओळीवरून बोट फिरवत गेले आणि थबकले. खाडे चार-चार दिवसांच्या अंतराने पडलेले. पोटदुखी अशी मोजून येत नाही. तिच्या गल्लीतल्या दुसऱ्या मुलीला विचारलं, तुमच्याकडं पाणी कधी सुटतं ग? तिथंच उलगडा झाला. आई सकाळी विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, वडील लूमवरची रात्रपाळी करून झोपलेले, आणि पाण्याच्या दिवशी बॅरल, घागरी, हंडे भरायला घरात हाताशी ही एकटीच.

बावीस वर्षं मी शहराच्या पूर्व भागात वर्गशिक्षिका म्हणून काम केलं. विडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची, हातगाडीवाल्यांची, कारकुनांची मुलं माझ्या वर्गात बसली. त्या सगळ्यांच्या हजेरीपटांनी एक गोष्ट मला शिकवली. बहुतेक खाडे शाळेत येण्याचा कंटाळा म्हणून पडत नाहीत. ते घराच्या सकाळीत पडतात, आणि घराची सकाळ बदलता येते. कशी, ते इथे सांगते.

आधी मोजा

"तशी रोज जाते की शाळेला," असं जवळजवळ प्रत्येक आई म्हणते आणि मनापासून म्हणते. खाडा लक्षात राहत नाही, कारण प्रत्येक खाड्याला त्या दिवशी कारण असतं. म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका घ्या. मूल घरी राहिलं तर त्या तारखेवर फुली मारा. उशिरा पोचलं तर "उ" लिहा. आणि खाली एका शब्दात कारण: पाणी, ताप, लग्न, रिक्षा, झोप. मोठ्या मुलाला हे काम स्वतः करू द्या. महिनाभराने ती पानं बघा. एखादा शब्द तीन-चारदा आलेला दिसेल, आणि तोच तुमच्या घराचा प्रश्न असेल.

आता हिशेब. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीची २२० दिवस आणि १,००० तास भरायला हवी. सहावीतलं मूल आठवड्याला एकच दिवस घरी राहिलं, तरी वर्षाला चाळीसच्या आसपास खाडे होतात. २२० मधून ४० गेले की शंभरातले अठरा दिवस गेले. महिन्याला दोन खाडे, हे ऐकायला काहीच वाटत नाही. दहा महिन्यांत ते वीस होतात.

उशिराचा हिशेब तर कुणी करतच नाही. रोज १५ मिनिटं उशीर धरला तर २२० दिवसांत ५५ तास होतात. दिवसाला साधारण साडेचार तास शिकवणं धरलं, तर ती बारा दिवसांची शाळा झाली. शिवाय ही पंधरा मिनिटं नेहमी दिवसाच्या सुरुवातीचीच असतात. परिपाठ, हजेरी, आणि पहिल्या तासाला फळ्यावर मांडलेलं नवं उदाहरण. आमच्याकडे पहिला तास बहुधा गणिताचा असायचा. वर्षाअखेरीस गणितात कच्ची राहिलेली मुलं आणि उशिरा येणारी मुलं यांची नावं मी शेजारी शेजारी लिहून पाहिली आहेत. बरीच नावं दोन्हीकडे असायची.

ज्याचं कारण वेगळं, त्याची सोयही वेगळी

पाण्यापासून सुरुवात करते, कारण उजनीचं पाणी सोलापूरकराच्या घरात काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी सगळं घर पाण्याभोवती फिरतं. पाणी भरू नका असं कोण सांगणार? पण पाण्याचा दिवस अचानक येत नाही. तुमच्या भागातल्या चावीवाल्याला किंवा आधी पाणी येणाऱ्या वरच्या गल्लीतल्या ओळखीच्या घराला विचारून आदल्या रात्री अंदाज घ्या. शेजारच्या घराशी जोडी करा: एका पाळीला त्यांच्या घरातलं मोठं माणूस दोन्ही घरांचं भरेल, पुढच्या पाळीला तुमच्या घरातलं. पिंपांची झाकणं काढून, नळी लावून, भांडी घासून रात्रीच तयार ठेवा. सकाळचा अर्धा वेळ त्यातच जातो. आणि मुलाने भरायचंच असेल तर वेळ ठरवा. घड्याळात अमुक वाजले की हंडा भरलेला असो वा अर्धा, मूल आंघोळीला जाईल. त्यातही उशीर झालाच तर उशिरा पाठवा, पण पाठवा.

त्या सातवीच्या मुलीच्या आईशी मी बोलले तेव्हा तिला मुलीचे खाडे इतके झालेत हे खरंच माहीत नव्हतं. हजेरीपट दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "समोरच्या अक्काला सांगते. तिचं मी संध्याकाळी बघते काहीतरी." त्या अक्काने पाणी भरलं, बदल्यात हिने तिच्या नातवाला रोज संध्याकाळी सांभाळलं. जानेवारीनंतर मुलीचे खाडे महिन्याला एक-दोनवर आले. शाळेने फारसं काही केलं नव्हतं. दोन बायकांनी आपसात एक गोष्ट ठरवली होती.

विडीच्या घरांत अडचण निराळी. पान आणि तंबाखू मोजून मिळतो, मजुरी हजारावर, आणि हजार पुरे करायचे म्हणून मुलीला "आजचा दिवस" थांबवलं जातं. या घरांचा हिशेब मला चांगला माहीत आहे, त्यामुळे मी तो हलका लेखत नाही. तरी दोन गोष्टी कळकळीने सांगते. लहान हातांना तंबाखूत घालू नका. त्याची धूळ नाकातोंडात जाते. मुलीची मदत हवी असेल तर संध्याकाळी भात टाकणं, भाजी निवडणं, दुकानातून सामान आणणं अशी घ्या, म्हणजे तुमचे हात विडीला मोकळे होतील. दुसरं, विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो आणि त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र व शाळेचा दाखला लागतो. मुदत कधी संपते ते शाळेत विचारून ठेवा. मुलीच्या शाळेतून घरात चार पैसे येऊ शकतात, हे आजीला सांगायला उपयोगी पडतं.

वडील रात्रपाळीला असले की सकाळी घरात आवाज करायचा नाही असा दंडक असतो. एक खोली, त्यात झोपलेला माणूस, आणि मुलाला हाक मारून उठवायला आईला भीती. इथे दप्तर, गणवेश, बूट रात्रीच दाराजवळ बाहेर ठेवा. मुलाची झोपायची जागा त्या आठवड्यापुरती बदला. आणि एक सूचना वडिलांसाठी: पाळी संपवून घरी येता त्या वेळेला मुलाची निघायची वेळ जुळत असेल, तर अंग टाकायच्या आधी त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून या. माझ्या वर्गातले दोन-तीन वडील हे करायचे. डोळे लाल, अंगावर सुताची पिंज, आणि हातात मुलाचं दप्तर. त्या मुलांना कधी उशीर झाला नाही.

धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून थांबवलेल्या मुली फार. तीन ते सहा वयाच्या बाळाला अंगणवाडी आहे, तिथे पैसे लागत नाहीत आणि खायलाही मिळतं. त्याहून लहान बाळ असेल तर ते कुणाजवळ राहील याचा निर्णय घरातल्या मोठ्यांनी घ्यायचा आहे. दहा वर्षांच्या मुलीवर तो ढकलू नका.

आणि एक कारण दिनदर्शिकेवर "पोट" किंवा "डोकं" म्हणून लिहिलं जातं, पण असतं वेगळंच. शाळेची वेळ टळली की अर्ध्या तासात दुखणं पळतं का? रविवारी दुखतं का? तसं असेल तर रागावू नका आणि "काय झालं शाळेत?" असंही थेट विचारू नका, उत्तर "काही नाही" हेच येईल. डबा कुणाबरोबर खाल्लास, कुणाशेजारी बसतोस, मधल्या सुट्टीत काय खेळता, असं विचारा. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. मी पाहिलेली कारणं: कुणीतरी चिडवतं, संडासाला कडी नाही, पाढे येत नाहीत म्हणून उभं करतात. पहिली-दुसरीत आणखी एक असतं. घरात तेलुगू किंवा कन्नड, आणि वर्गात सगळं मराठी. लेकराला बाई काय बोलतात तेच कळत नाही, मग ते रडतं. अशा वेळी वर्गशिक्षकांना घरची भाषा सांगा, आणि त्या भाषेतली दुसरी मुलं वर्गात असतील तर त्यांच्याजवळ बसवायला सांगा. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमातही आहेत, हे प्रवेशाच्या वेळीच लक्षात घ्यावं.

वेळेचा हिशेब उलटा मांडा

घंटा साडेदहाची असेल तर आपण साडेदहा धरून चालतो. पण परिपाठाला उभं राहायचं तर सव्वादहाला फाटकात हवं. चालत वीस मिनिटं, म्हणजे पाच कमी दहाला घर सोडायचं. त्याआधी जेवण, वेणी, बूट यांना पाऊण तास. म्हणजे नऊ-सव्वानऊनंतर टीव्ही किंवा मोबाइल हातात असून चालणार नाही. हा उलटा हिशेब कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि "घर सोडायची वेळ" मोठ्या अक्षरात.

राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू. पण तो अर्धा-एक तास रात्रीच्या जागरणात घालवला तर काय उपयोग? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना किमान नऊ तास झोप लागते, त्यापुढच्यांना आठ.

सोलापुरात खरी तारांबळ उडते ती मार्चमध्ये. ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते आणि सगळ्या घरांचं घड्याळ एका दिवसात तीन-चार तास मागे येतं. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग उशिरा असतो. सूचना आली की त्याच दिवसापासून झोपायची वेळ रोज वीस-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. गच्चीवर झोपायला जाताना मोबाइल खालीच राहू द्या. सकाळच्या शाळेला मूल उपाशी पाठवू नका. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीबरोबर, नाहीतर केळं, काहीही चालेल. आणि पाण्याची बाटली. शाळा सुटताना ऊन डोक्यावर असतं, तेव्हा टोपी किंवा रुमाल दप्तरात हवाच.

शाळेची वाट

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाबरोबर ती वाट चालून बघा, शाळेच्याच वेळेला. कुठे थांबावं लागतं, कुठला चौक एकट्याने ओलांडू नये, हे तेव्हाच कळतं. अक्कलकोट रोड, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडे जड वाहनं आहेत. उशीर झालेलं मूल पळत रस्ता ओलांडतं, याची मला उशिरापेक्षा जास्त भीती वाटते. गल्लीतली तीन-चार मुलं एकत्र निघाली तर उत्तम. एकजण आळशी निघाला तरी बाकीचे हाक मारून काढतात.

रिक्षा लावली असेल तर रिक्षाकाका आजारी पडतील, त्यांच्या घरी लग्न असेल, हे आजच गृहीत धरा. "रिक्षा आली नाही" हा माझ्या हजेरीपटातला नेहमीचा खाडा होता. दुसरा नंबर फोनमध्ये असावा, किंवा त्याच शाळेत मूल सोडणाऱ्या शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवलेलं असावं.

उशीर झालाच तर

पाठवा. दुसरा तास चुकला तरी पाठवा, मधल्या सुट्टीपर्यंत पोचत असेल तरी पाठवा. पहिल्या एक-दोन वेळा घरातलं मोठं माणूस बरोबर जावं आणि दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. वाटेत मुलाला बोलू नका. त्याला वर्गात शिरायला आधीच धीर गोळा करावा लागतो.

हे मी स्वतः चुकून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत उशिरा येणाऱ्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. मी निरोप पाठवला तेव्हा घरचे चकित झाले, कारण तो रोज दप्तर घेऊन वेळेवर निघत होता. दिवसभर सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून शाळा सुटायच्या वेळी घरी परतत होता. उशीर दहा मिनिटांचा होता. चार दिवस माझ्या वागण्यामुळे गेले. त्यानंतर मी कधी कुणाला बाहेर उभं केलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत खाड्यांवरून मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. हे माहीत असू द्या, म्हणजे भीतीपोटी मूल घरी ठेवावं लागणार नाही.

आजारपणात कधी ठेवावं, कधी पाठवावं

ताप असेल तर घरी. औषध न देता चोवीस तास ताप आला नाही की पाठवा. जुलाब-उलट्या थांबून एक-दोन दिवस गेल्यावर पाठवा. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, म्हणजे आठवडाभर तरी. डोळे आले असतील तर डॉक्टर सांगतील तोवर. साधी सर्दी, थोडा खोकला, उवा, खरचटलेलं गुडघं यासाठी खाडा नको. सकाळी ठरवता येत नसेल तर पाठवा आणि चिठ्ठी द्या की बरं वाटलं नाही तर फोन करा. शाळेकडे असलेला तुमचा फोन नंबर चालू आहे ना, हे जूनमध्ये तपासा. अर्ध्या वर्गाचे नंबर बंद निघतात.

रजेचा अर्ज

अर्जाला पालक घाबरतात, कारण त्यात अवघड शब्द हवेत असं वाटतं. हे एवढं पुरतं:

"मा. वर्गशिक्षक, इयत्ता सहावी, तुकडी ब यांस, माझा मुलगा (नाव, हजेरी क्रमांक) यास ताप आल्याने तो सोमवार व मंगळवार शाळेत येऊ शकला नाही. कृपया दोन दिवसांची रजा मंजूर करावी. बुडालेला अभ्यास तो या आठवड्यात पूर्ण करील. आपला विश्वासू," आणि खाली सही, तारीख, फोन नंबर.

सही येत नसेल तर अंगठा चालतो. तेलुगूत, उर्दूत, कन्नडमध्ये लिहिलं तरी चालेल. शाळेत वाचणारं कुणीतरी असतंच. आधी ठरलेल्या कार्यासाठी अर्ज आधी द्या. कारण मात्र खरं लिहा. पाणी भरायला ठेवलं असेल तर तसंच लिहा. "पोटदुखी" लिहिलंत तर शाळा डॉक्टरकडे जायला सांगेल आणि खरा प्रश्न तसाच राहील.

दुसरा दिवस

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे. पहिला खाडा कारणाने पडतो, त्यानंतरचे बरेचसे लाजेने. गृहपाठ झालेला नाही, वर्गात काय शिकवलं माहीत नाही, बाई काय म्हणतील, पोरं काय म्हणतील. ताप दोन दिवसांत उतरतो आणि मूल पाच दिवस घरी राहतं. मधल्या तीन दिवसांना घरचे "अजून अशक्तपणा आहे" म्हणतात.

म्हणून खाडा पडला त्याच संध्याकाळी वर्गातल्या एका मुलाच्या घरी जाऊन वह्या बघा, किंवा फोनवर पानांचे फोटो मागवा. असा एक अभ्यासाचा जोडीदार जूनमध्येच ठरवून ठेवा, शक्यतो चालत जाता येईल इतक्या जवळचा. सगळं उतरवून काढायचा हट्ट नको. गणितातलं एक उदाहरण आणि भाषेतला धडा कुठवर आला, एवढं कळलं तरी मूल वर्गात हरवत नाही. परत जायच्या दिवशी पाच-दहा मिनिटं लवकर पोचा, घंटेआधी वर्गशिक्षकांना भेटून मुलासमोर सांगा, "आजपासून येतोय. दोन दिवसांचं राहिलंय, करून घेतो." ते एक वाक्य मोठ्या माणसाने बोललं की मुलाला बोलावं लागत नाही.

आठवड्याहून जास्त खंड पडला असेल तर पहिल्या दिवशी जुन्या अभ्यासाचा विषयच काढू नका. नुसतं जाऊन येऊ दे. पूर्वपरवानगीशिवाय सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल सरकारी भाषेत शाळाबाह्य धरलं जातं; पण तेव्हाही दार बंद होत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचं, असं कायद्यात आहे. तुम्ही ते मागू शकता.

मोठ्या होणाऱ्या मुली

सहावी-सातवीनंतर मुलींच्या खाड्यांत एक नवं अंतर दिसायला लागतं, साधारण महिन्याचं. घरात याविषयी बोललं जात नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते. पाळी आली म्हणून मुलीने घरी बसायची गरज नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक जादा चड्डी आणि एक पिशवी कायम ठेवा, पाळी सुरू व्हायच्या आधीपासूनच, कारण पहिली पाळी वर्गातही येऊ शकते. शाळेतल्या एखाद्या बाईंना मुलीने सांगायला हरकत नाही हे तिला आधी सांगा. दर महिन्याला उठवत नाही इतकं दुखत असेल तर सोसू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. संडासात पाणी नसेल, कडी नसेल, तर तो शाळेचा प्रश्न आहे आणि तो आयांनीच जोराने मांडावा लागतो. लाजून कुणी बोलत नाही, आणि मुली दर महिन्याला दोन-तीन दिवस गमावत राहतात.

गड्डा, लग्नं, ऊसतोड

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. मुलांनी नंदीध्वज बघावेत, सोलापूरच्या लेकराने ते बघायलाच हवेत. यात्रेच्या मुख्य दिवसांना स्थानिक सुट्टीही असते. खाडे पडतात ते नंतर, गड्डा म्हणजे या यात्रेची जत्रा पुढेही बरेच दिवस चालते म्हणून आणि रात्री उशिरा परतल्यामुळे. गड्ड्याला शनिवारी रात्री जा. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या घरांनी मुलाची दुसऱ्या दिवशीची रजा आधीच लिहून द्यावी, पाय सुजलेलं मूल वर्गात नुसतं झोपतं.

नात्यातली लग्नं हैदराबादकडे, कलबुर्गीकडे, विजयपुराकडे. जायचं तिकीट आधी काढलं जातं आणि यायचं "बघू" म्हणून राहतं. लग्न दोन दिवसांचं, खाडे आठ. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे सगळं अपुरं आहे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तिथे शेजारणीशी जोडी करून भागत नाही. पण निघण्याआधी दोन गोष्टी शाळेत जाऊन विचारा. मुलाला मागे ठेवायला आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय गावात होणार आहे का? आणि मूल बरोबर न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मिळेल का? ते कार्ड दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड नसलं, दाखला नसला तरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. परत आल्यावर त्याच दिवशी जुन्या शाळेत कळवा.

शाळेशी बोलताना

मुलाची हजेरी किती आहे हे पालकांना वेळोवेळी भेटून सांगणं, हे शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या कर्तव्यांत घातलं आहे. तेव्हा विचारताना संकोच करू नका. महिन्यातून एकदा, मूल आणायला गेलात की, "खाडे किती, उशीर किती?" एवढंच विचारा. दिनदर्शिकेवरच्या फुल्यांशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर मुलाशी शांतपणे बोलायची वेळ आली आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे हजेरीचा विषय कुणी काढला तर शाळाही बदलते. आमच्या समितीतल्या एका आईने विचारलं होतं की पाण्याच्या दिवशी उशीर झालेल्या मुलांना न बोलता आत घ्याल का? मुख्याध्यापकांनी होकार दिला. त्या गल्लीतले खाडे कमी झाले आणि "उ" वाढले. मला तो व्यवहार पटला.

दहावी-बारावी असेल तर

मंडळाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. २२० दिवसांचं वर्ष धरलं तर १६५ दिवस. म्हणजे ५५ खाडे चालतात, असा हिशेब मुलं परस्पर करतात, आणि क्लास आहे म्हणून शाळेला दांडी मारतात. त्यांना सांगा की हे ५५ अपघातासाठी, टायफॉइडसाठी, घरातल्या मरणासाठी राखलेले असतात. मोठं आजारपण आलं तर डॉक्टरांचे कागद बरं झाल्यावर नव्हे, पहिल्याच आठवड्यात शाळेत द्या. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं आणि हजेरीत सवलत मागायची तर कागद शाळेमार्फतच जातात. फेब्रुवारीत धावाधाव करून ते जमत नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी वर्गशिक्षकांकडून दोन आकडे लिहून घ्या: आतापर्यंत शाळा किती दिवस भरली आणि तुमचं मूल किती दिवस आलं. ते दिनदर्शिकेच्या नोव्हेंबरच्या पानावर चिकटवा. सुट्टी संपते तेव्हा वर्षाचा निम्मा भाग अजून हातात असतो.